उत्त्या, गिटार काळं कामून केलंस

अख्ख्या परभणीत माझ्यावाणी अक्षर काढणारा पेंटर दुसरा न्हाई. काढलेलं मला वाचता येत न्हाई, तेवढी एक कसर हाय.

तू खडूनं आखायचास आन मी रंग भरायचो. वीस वर्षं आपलं हेच चाललं. किराणा असो, कापड असो, डॉक्टरची पाटी असो, माझ्या लेखी सगळी चित्रंच. हे पोटाचं, हे शेपटीचं, हे एका पायावर उभं. एकदा तू तापात पडलास तवा मी एकट्यानं गिरणीची पाटी केली, जुनी समोर ठेवून, जशीच्या तशी. जुन्या पाटीवर कावळा शिटला व्हता. मला वाटलं टिंब हाय, मी ते बी काढलं. गिरणीवाला महिनाभर 'गिरंणी'वाला म्हणून फिरला. आन तू, ताप उतरल्या उतरल्या, पाटी पुसायच्या आधी चार माणसं बोलावून आणलीस बघायला.

तर उत्त्या, तुला जाऊन दीड महिना झाला आन मी अजून तापलेलोच हाय.

भास्करच्या गाण्याच्या पार्टीनं ठरवलंय, तुझ्या आठवणीचं एक लहान पुस्तक छापायचं. ज्यानं त्यानं आपलं आपलं लिवून द्यायचं. बाकीच्यांचं मी दुसऱ्याकडून वाचून घेतलं. लय गोड लिवलंय सगळ्यांनी. 'शांत स्वभावाचा कलावंत.' शांत कुठला? तुझ्या शिव्या ऐकून समोरच्या पंक्चरवाल्या चाचाचं पोपट बोलायला शिकलं. 'कधी कुणाचं मन दुखवलं न्हाई.' मंग माझं काय कुत्र्याचं व्हतं का? म्हणून मी म्हणलं, माझं येगळं घ्या. मी बोलायलोय, वहिनी लिवायलीय. वहिनी म्हणजे तुझीच सुमन, बालवाडीची बाई. तुला शिवी आली की तिचा पेन थांबतो. मी म्हणतो, लिवा वहिनी, त्याला ऐकू द्या.

पहिला राग तुझ्या मरणाचा. तोंडाला फडकं बांध, फडकं बांध, म्हणून माझी जीभ झिजली. तू म्हणायचास, "फडकं बांधलं की वास येत न्हाई. वास आल्याबिगर रंग जमला का न्हाई ते कळत न्हाई." थिनरचा वास काय अत्तर हाय का रे? ज्या दिवशी जो रंग फवारला, त्या दिवशी तुझी थुंकी त्याच रंगाची. पिवळ्या टेंपोच्या दिवशी पिवळी, निळ्या ट्रॅक्टरच्या दिवशी निळी. मला लय मजा वाटायची. आन ज्या दिवशी तू लाल थुंकलास, त्या दिवशी मी काय केलं? हसत इचारलं, "आज तर आपण हिरवं मारलंय, लाल कुठून आणलंस?" तू बी हसलास. हसलास आन पायानं माती सारलीस त्याच्यावर. मला वाटलं इनोद झाला. असल्या माणसाच्या भरवशावर तू आजार लपवलास, मंग मरणार न्हाई तर काय व्हणार?

आन मेलास ते मेलास, महिनाभर दम धरता आला न्हाई? सोळा वर्षं लोकांनी मार खाल्ला, घरं गेली, जेल झाली, आन संक्रांतीला विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव लागलं. तू तवा न्हाईस. तुझ्या गल्लीत कुणी पेढे वाटायलं, कुणी दार लावून घरात बसलेलं, कारण आनंद करावा का भ्यावं ते बी कळंना. मी तुझ्या दारात जाऊन उभा ऱ्हायलो. वहिनीनं माझ्या हातावर साखर ठिवली. मला ती गिळता येईना. साखर रे, उत्त्या. साखर अडकली.

पण खरा राग याचा न्हाई. खरा राग गिटारचा हाय. ते आता सगळ्यांच्या समोर काढतो, कारण तू आता मधीच उठून च्या प्यायला जाऊ शकत न्हाईस.

धा वर्षं झाली असतील. चुडाव्याचा भास्कर रेल्वेनं आला, वाकळीत काहीतरी गुंडाळून. मला वाटलं लेकरू आजारी हाय. वाकळ सोडली तर लाल रंगाचं गिटार, पापुद्रे सुटलेलं. हैद्राबादला जुन्या बाजारातून घेतलेलं. विजेवर चालणारं. मी हातात घेऊन वाजवून बघितलं, टिचक्या मारल्या, कान लावला. म्हणलं, "भास्कर, तुला फसवलं. हे भरीव लाकूड हाय. मधी भोकच न्हाई, आवाज कुठून येणार?" तू म्हणलास, "किशन्या, तुझ्या डोक्यात बी भोक न्हाई, तरी आवाज येतोच की."

भास्करला त्याच्यावर चित्र पायजे व्हतं. जयंतीचे कार्यक्रम व्हते, गावोगाव जायचं व्हतं. म्हणला, "उत्तमदादा, लांबून बघणाऱ्याला कळलं पायजे, पार्टी कोणाची हाय." तू तीन दिवस त्या गिटारकडं नुसतं बघत बसलास. चवथ्या दिवशी म्हणलास, "निळं. मधी बोधीचं पान. एकच."

मंग कामाला लागलो. तारा काढल्या, चाव्या काढल्या, चुंबकाच्या पट्ट्या काढल्या. जुना लाल रंग घासून पार लाकडापर्यंत आणला. ते काम माझं. घासणं, खड्ड्यांत लांबीचा लगदा भरणं, पुन्हा घासणं, हे सगळं माझं. लाकडाला जिथं जिथं खड्डा दिसला तिथं मी लांबी भरली, गुळगुळीत केली, छाती फुगवून तुला दाखवली. बाजूला बोटाएवढं एक भोक व्हतं, ते बी भरलं. मला वाटलं उंदरानं पाडलंय. भास्कर आला, बघितलं आन म्हणला, "किशनदादा, वायर आता कुठं खुपसू? तुमच्या नाकात?"

त्या दिवशी तू मला शिव्या दिल्या न्हाईस. नुसता हसत खाली बसलास. ते हसू मला अजून आठवतं म्हणूनच राग जास्त येतो.

मी पुन्हा ते भोक कोरलं. अस्तराचा हात झाला, मंग रंग. बाभळीच्या फांदीला तारेनं गिटार टांगलं, धूळ उडू नये म्हणून खाली पाणी शिंपडलं, चाचाच्या दुकानातून हवेची नळी घेतली. कडंला गर्द निळा, मधी येता येता फिका. कड कुठं संपली आन मधलं कुठं सुरू झालं, बोट ठिवून दाखवता येत नव्हतं. मी बोट ठिवून बघितलं. ओला व्हता. तो ठसा काढायला तुला अर्धा दिवस लागला.

पान मात्र तू ब्रशनं काढलं न्हाईस. म्हणलास, हातानं काढलेलं पान हाताचंच दिसतं. पिंपळाचं खरं पान आणायचं, पाण्यात कुजवायचं, मांस गळून नुसती शिरांची जाळी ऱ्हायली पायजे. पान आणायचं, कुजवायचं काम माझ्याकडं. मी ते कुजवलं आमच्या पिण्याच्या माठात. मला वाटलं माठातलं पाणी गार असतं, पान चांगलं मुरंल. आठ दिवसांनी बायकोनं तो माठ पानासकट माझ्या अंगावर रिता केला. मंग दुसरी पानं, जुन्या डब्यात. तीन आठवड्यांनी ती बोटानं घासून साफ करायची. पहिलं फाटलं. दुसरं फाटलं. चार पानं फाडली मी. पाचव्याला तू माझ्या माघं बसलास, माझा हात हातात धरलास आन माझ्याच बोटानं घासून दाखवलंस. म्हणलास, "हळू घास. वरचं जावं, खालचं ऱ्हावं, असं."

तेच तुझं गाणं. पाटी घासताना हळू घास, गाडी घासताना हळू घास. माझ्या लग्नात बी अंगाला हळद लावताना तू बायांला म्हणाला व्हतास, हळू घासा, खाली काय निघंल सांगता येत न्हाई.

ती जाळी तू साबणाच्या पाण्यानं निळ्यावर चिकटवलीस आन वरून चांदीचा रंग फवारलास, लांबून, नुसत्या वाफेवाणी. वाळल्यावर जाळी उचलली. देवाशप्पथ सांगतो, मी देव मानणारा माणूस हाय म्हणून देवाशप्पथ. शिरा निळ्या ऱ्हायल्या व्हत्या आन शिरांमधली बारीक बारीक घरं चांदीची झाली व्हती. एक न एक शीर. पानाचं टोक गिटारच्या गळ्याकडं, देठ खाली. वर बिनरंगाच्या लॅकरचे सात हात दिलेस. आपण त्या लॅकरला पाणी म्हणायचो. सात हात पाणी, दर हाताला एक दिवस वाळवण, दर वाळवणीला मी वाटर पेपर घेऊन बसलेला आन तू माझ्या डोक्यावर. हळू घास. शेवटी ते पान पाण्याच्या तळाला पडल्यावाणी दिसायला लागलं.

भास्करनं ते गळ्यात घातलं आन आपल्या दोघांच्या पाया पडला. मी त्याला आशीर्वाद दिला, जसं काय पान मीच काढलं.

आता ते सांगतो जे मी परवापर्यंत कुणालाच सांगितलं नव्हतं. तुला सांगायची गरज नव्हती, तू तिथंच व्हतास.

पाथरीकडं कार्यक्रम झाला. आपण दोघं बी गेलो व्हतो, आपलं गिटार लोक कसं बघतात ते बघायला. परतताना, दिवस अजून वर व्हता, एका गावापाशी जीप अडवली. गावाचं नाव घेत न्हाई, त्या गावचे ट्रॅक्टर आता माझ्याकडंच येतात रंगवायला. पंधरा-वीस माणसं, हातात काठ्या. नामांतर पायजे का तुमाला, म्हणून एकेकाला खाली उतरवून नाव इचारायले. माझी पाळी आली. मी नाव सांगितलं, आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. एकजण म्हणला, "अरे, हा तर आपला हाय. तू हो रे बाजूला." आन मी झालो बाजूला.

झालो, उत्त्या. लिंबाच्या झाडाखाली जाऊन उभा ऱ्हायलो. तिथून बघितलं. ढोलकीचं कातडं फाडलं. तुझ्या पाठीत काठ्या बसल्या. भास्करच्या गिटारवर एकानं काठी हाणली, कडंचा टवका गेला. म्हणला, "पुढच्या बारीला हे निळं या रस्त्यानं दिसलं, तर वाजवायला हात ऱ्हाणार न्हाईत." मी एक शबूद बोललो न्हाई. तुमाला गाडीत बसवल्यावर मी झाडाखालून आलो आन सगळ्यांच्या आधी बोलायला लागलो. "मी असतो तर..." म्हणलो. मी व्हतोच की तिथं. तू माझ्याकडं बघितलं बी न्हाईस. बघितलं असतंस तर बरं झालं असतं.

भास्कर गिटार आपल्याकडं ठिवून गेला, टवका बुजवायला. मी म्हणलो, आता अजून निळं करू, रातीला बी चमकंल असं करू. झाडाखाली उभं ऱ्हायलेल्या माणसाला शौर्य लय लवकर येतं. पोखर्णीला एका हाटेलाची पाटी आखून ठिवली व्हतीस, ती भरायला मला दोन दिवस धाडलंस. मी परत आलो तर बाभळीला गिटार टांगलेलं. काळं. पुढून काळं, माघून काळं, तव्यासारखं.

मी इचारलं, "पान?"

तू म्हणलास, "घासून टाकलं."

आपल्या धंद्यात हे बरोबरच हाय. जुन्या रंगावर नवा मारायचा तर जुना घासावाच लागतो, न्हाईतर नवा धरत न्हाई. म्हणून मी एक बार बी मनात आणलं न्हाई की तू खोटं बोलायलास. मी म्हणलो, "भ्यालास."

"व्हय, भ्यालो."

"मोडलं असतं गिटार तर मोडू द्यायचं. पान कामून घासलंस? भित्रा हाईस तू."

तू ब्रश धुवत व्हतास. वर न बघता म्हणलास, "मार कुणाला पडतो, किशन्या?"

एवढंच. मंग मी लय मोठ्यानं बोललो. चाचा बाहेर आला, पोपट गप झालं. मी म्हणलो, आजपासून तुझं माझं संपलं. तू गिटार उलटं करून माझ्यासमोर ठिवलंस. पाठीवर खडूनं चार अक्षरं आखलेली. म्हणलास, "संपवायच्या आधी एवढं पांढरं भर." मी रागानं भरलं. काय हाय ते इचारलं न्हाई. मला वाटलं पार्टीचं काहीतरी साधं नाव दिलं असशील, भ्यालेल्या माणसाचं. चार अक्षरं, दुसऱ्याला खाली शेपूट. भरताना शिव्या देत व्हतो, तरी रेघ हलली न्हाई. ती माझी सवय हाय, जीभ हलती, रेघ हलत न्हाई.

संपलं कुठलं. दुसऱ्या दिवशी मी कामावर हजर, कारण मला दुसरं कोण ठिवणार. पण त्या दिवसापासून मी भास्करच्या एका कार्यक्रमाला गेलो न्हाई. हाटेलात चार माणसं बसली की तुला 'काळा पेंटर' म्हणायचो, मोठ्यानं, लोकांनी हसावं म्हणून. लोक हसायचे. तू म्हणायचास, "आधी वाचायला शिक, मंग बोल." दर येळी हेच. मला वाटायचं, माझ्या अडाणीपणावर टोमणा मारायलास. तू पाटी-पेन्सिल आणून दिलीस. मी पाटीवर रंग कालवले. तू बाराखडी भिंतीवर काढून दिलीस. मी ती इतकी झकास भरली की लोक बघायला आले, पण एक अक्षर डोक्यात शिरू दिलं न्हाई. तू शिकवायलास म्हणून शिकलो न्हाई. दुसऱ्या कुणी शिकवलं असतं तर दुसरं कारण काढलं असतं.

आता परवाचं ऐक.

भास्कर आला. त्याच्या बी केसात पांढरं आलंय. तीच वाकळ, तेच गिटार. म्हणला, "किशनदादा, आता नाव लागलं. काळं काढा. खाली काही न्हाई, ठावं हाय मला, पण नवं निळं करू. उत्तमदादाच्या नावानं पहिला कार्यक्रम करायचाय." मी म्हणलो करतो. तो दारातून परत फिरला. "माघची अक्षरं तेवढी राहू द्या. उत्तमदादाची मस्करी हाय माझ्यावर." मी मान हलवली, जसं काय मला सगळं कळलंच.

तो गेल्यावर मी दार लावलं आन बसलो. पाण्यानं बारीक पेपर लावायचा सोडून जाड पेपर घेतला, कोरडा. कोण बघायला व्हतं? माझ्या डोक्यावर उभं ऱ्हाणारा मातीत गेला. मी घासायला लागलो आन तुझ्याशी भांडायला लागलो. भ्यालास. खर्र. पान घालवलंस. खर्र. आजार लपवलास. खर्र. महिनाभर थांबला न्हाईस. खर्र. मला एकट्याला हा गाळा, ही बाभळ, हे आखल्याबिगरचे फळे देऊन गेलास, आता आखणार कोण? खर्र खर्र. काळी भुकटी उडायली, नाकात जायली. फडकं मी बी बांधलं नव्हतं.

मंग भुकटी पांढरी निघायला लागली.

पांढरी भुकटी कशाची असती? पाण्याची. बिनरंगाच्या लॅकरची. हे मला ठावं हाय, वीस वर्षं मी दुसरं काय केलंय? काळ्याच्या खाली पाणी कामून असंल, एवढा इचार करायला पायजे व्हता. पण मी रागाच्या तोऱ्यात. अजून दाबून घासलं. आन मंग हाताला चमकी लागली. तळहातावर चांदी.

हात थांबला. मी तोंडानं फुंकर मारली, तांब्यातलं पाणी ओतलं, फडक्यानं पुसलं.

पान व्हतं, उत्त्या. तू घासलंच नव्हतंस. वरवर पेपर फिरवून, पानावर अजून पाण्याचा एक हात देऊन, त्याच्यावर काळं मारलं व्हतंस. सांभाळून ठिवलं व्हतंस. देठ जसंच्या तसं, खालच्या शिरा एक न एक, निळं तेच, कड न सापडणारं. आन वरचं अर्धं, टोकाकडचं, न्हाई. ते माझ्या तळहातावर. धा वर्षं ज्याच्यासाठी तुला भित्रा म्हणलो, ते पान तू राखलंस आन मी घासलं. पंधरा-वीस काठीवाल्यांला जे जमलं न्हाई ते मी एका जाड पेपरात केलं.

आधी रडलो. मंग पुन्हा राग आला, पहिल्यापेक्षा दुप्पट. सांगता येत नव्हतं का? धा वर्षं रोज समोरासमोर बसून च्या प्यालो. माझ्या तोंडाला झाकण न्हाई, कबूल. मला सांगितलं असतंस तर हाटेलात मीच टेबलावर हात आपटून म्हणलो असतो, आमच्या उत्त्यानं लोकांला कसं उल्लू बनवलं बघा, आन दुसऱ्या दिवशी भास्करचे हात गेले असते. ते बी कबूल. पण मरताना? दवाखान्यात मी तुझे पाय दाबत बसलो व्हतो. तवा तर सांगायचं. तवा बी काय म्हणलास? "वाचायला शीक रे." मी म्हणलो, "आता शिकून काय करू, तुझी मयतीची चिठ्ठी वाचू?" हेच आपलं शेवटचं बोलणं. हे बी माझ्याच तोंडचं.

तसंच गिटार वाकळीत घातलं आन वहिनीकडं गेलो. वहिनी बालवाडीतून नुकतीच आली व्हती, हाताला खडू. मी गिटार तिच्यापुढं ठिवलं, अर्धं पान दाखवलं आन सगळं भडाभडा ओकलो. झाडाखालचं बी सांगितलं. म्हणलो, "वहिनी, त्यानं मला माणसात धरलं न्हाई. पान झाकून ठिवलं तर ठिवलं, पण एका शबदानं सांगितलं न्हाई. धा वर्षं मला चोरासारखं वागवलं. याला दोस्ती म्हणत्यात का?"

वहिनीनं गिटार मांडीवर घेतलं. त्या पानाच्या शिरांवरून बोट फिरवलं, जिथं पान संपलं तिथं थांबली. भुकटी पुसायला तिनं गिटार पालथं केलं. पाठीवर माझी चार अक्षरं, पांढरी, अजून टवका गेला न्हाई. ती बघत बसली. मंग पदर तोंडाला लावला. रडायली का हसायली, कळंना.

मी म्हणलो, "ते राहू द्या. ती भास्करची मस्करी हाय. नीट वाजव, असं काहीतरी असंल."

"तुमाला कोण म्हणलं भास्करची हाय म्हणून?"

"मंग काय लिवलंय?"

वहिनीनं एकेका अक्षरावर बोट ठिवलं, लेकरांला दाखवती तसं.

"हळू घास."

मी त्या अक्षरांकडं बघितलं. दुसऱ्याला खाली शेपूट. भास्करला धा वर्षं ती त्याच्या वाजवण्याची मस्करी वाटली, गावोगावच्या लोकांला वाटली. ज्याच्यासाठी लिवलं तो एकटाच वाचू शकत नव्हता, आन भरलं बी त्यानंच, एवढ्या सुबक हातानं. तू मला सांगितलं व्हतंस, उत्त्या. माझ्याच हातानं मला सांगितलं व्हतंस आन मंग धा वर्षं वाट बघत बसलास, हा गाढव कवा वाचतो म्हणून.

मी म्हणलो, "वहिनी, मला काय ठावं? मला कुणी..."

तिनं मला पुढं बोलू दिलं न्हाई. गिटार वाकळीत गुंडाळलं, गाठ मारली आन माझ्या हातात दिलं.

"सोमवारी बालवाडीत या, भावजी," ती म्हणली. "आन माघं बसा. लेकरांला फळा दिसला पायजे."